हुकूमशहा गेल्यावर आधी राज्यघटना की आधी निवडणूक?

आपल्या सोलापूरच्याच एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "काही देशांत हुकूमशहा गेला की लोकशाही रुजते, काहींत दोन-अडीच वर्षांत लष्कर परत येतं. असं का? आधी राज्यघटना लिहायची की आधी निवडणूक घ्यायची? आणि बहुसंख्य लोक निरक्षर असतील तर थोडं थांबलेलं बरं नाही का?" त्याला क्रमवार पायऱ्या हव्या आहेत. सांगतो, पण आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ.

हुकूमशहा पळाला तो दिवस टीव्हीवर दिसतो, म्हणून तोच मोठा वाटतो. खरं तर त्या दिवशी एकच खुर्ची रिकामी होते. सेनापती, पोलीस अधीक्षक, न्यायाधीश, महसुली कचेऱ्या, सरकारी मेहेरबानीवर मोठे झालेले कारखानदार सगळे जागच्या जागी असतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा हिशेब एकच असतो: उद्या आपली बाजू हरली तर आपलं काय होणार? तुरुंग? मालमत्ता जप्त? पेन्शन बंद? उत्तर "पाच वर्षं बाहेर बसायचं आणि पुन्हा उभं राहायचं" एवढंच असेल, तर माणूस कुरकुरत का होईना निकाल मानतो. उत्तर "सगळं गेलं" असं असेल तर तो निवडणूकच होऊ देत नाही. थोडक्यात, हरणाऱ्याला हरणं परवडलं पाहिजे. जुन्या सत्ताधाऱ्याला ते परवडायला हवं, आणि नव्याने जिंकलेल्याला पुढच्या खेपेला हरणंही परवडायला हवं. पायऱ्यांचा क्रम या हिशेबावरून ठरतो, आणि तो देशागणिक बदलतो.

बदलतो कशावरून? मुख्यतः जुनी राजवट कशी गेली यावरून. तिने स्वतः दार उघडलं, की समोरच्यांशी बोलणी केली, की ती एका रात्रीत कोसळली, की बाहेरच्या फौजेने येऊन पाडली. शेवटचा प्रकार सर्वांत अवघड, कारण तिथे कुणी कुणाशी करारच केलेला नसतो.

दार आतून उघडण्याचा नमुना म्हणजे स्पेन. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. राजा हुआन कार्लोसने जुलै १९७६ मध्ये अदोल्फो सुआरेझला पंतप्रधान नेमलं. हा माणूस जुन्या राजवटीतच वाढलेला, म्हणून विरोधकांनी कपाळावर हात मारला. पण त्याने केलं काय, तर निवडून आलेली दोन सभागृहं आणणारा राजकीय सुधारणांचा कायदा फ्रँकोच्याच संसदेपुढे ठेवला. म्हणजे सभासदांनी स्वतःचंच सभागृह बुडवायला मत द्यायचं होतं. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी ४२५ जणांनी दिलं, ५९ विरोधात गेले, १३ तटस्थ राहिले. का दिलं? कारण बदल जुन्याच कायद्याच्या चौकटीतून होत होता. कुणाला अटक नव्हती, आणि नव्या निवडणुकीत स्वतः उभं राहायची वाट मोकळी होती. डिसेंबरमध्ये सार्वमत झालं, एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, १५ जूनला निवडणूक झाली आणि राज्यघटनेवरचं सार्वमत ६ डिसेंबर १९७८ ला. किंमतही पडली. ऑक्टोबर १९७७ च्या माफीच्या कायद्याने फ्रँकोच्या काळातल्या अत्याचारांचे खटले बंद झाले, आणि त्या काळातल्या सामूहिक कबरींचा वाद तिथे अजून धुमसतो.

पोलंडमध्ये बोलणी झाली. १९८९ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना गोलमेजाला बसले. ठरलं असं: खालच्या सभागृहातल्या ४६० जागांपैकी फक्त १६१ खुल्या, बाकीच्या सत्ताधारी आघाडीला राखीव, सिनेटच्या १०० जागा मात्र पूर्ण खुल्या. सत्ताधाऱ्यांना वाटलं, थोडी हवा जाऊ दिली की झालं. जूनच्या मतदानात सॉलिडॅरिटीने १६१ च्या १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा घेतल्या. मग कम्युनिस्टांचे छोटे मित्रपक्ष फिरले आणि ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. राखीव जागांची ही सोय एकाच निवडणुकीपुरती होती. १९९१ ची निवडणूक पूर्ण खुली झाली. "एकाच निवडणुकीपुरती" हे शब्द वहीत अधोरेखित करून ठेवा.

आता मूळ प्रश्न: आधी घटना की आधी निवडणूक? पुस्तकात दोन्ही बाजूंची बाजू छान मांडता येते. आधी निवडणूक घेतली तर घटना लिहिणाऱ्यांना लोकांचा कौल असतो, पण जिंकणारा आपल्या सोयीची घटना लिहितो. आधी घटना लिहिली तर लिहिणाऱ्यांना निवडून कुणी दिलं, हा सवाल उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेने यातून जी वाट काढली ती मला आजवरची सर्वांत शहाणी वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले. बोलणी १९९१ च्या अखेरीला सुरू झाली, १९९२ मध्ये मोडली, पुन्हा जुळली. कोंडी फोडणारी सूचना आली ती कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांच्याकडून. गोऱ्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या आणि पेन्शन वाचवू, ठरावीक वर्षं सत्तेत वाटाही देऊ, पण सगळ्याला शेवटची तारीख घालू, असं ते म्हणाले. त्यावरून १९९३ ची अंतरिम घटना झाली. तिच्यात ३४ मूलतत्त्वं लिहिली होती. पुढे निवडून येणारी सभा अंतिम घटना लिहील, पण या ३४ च्या बाहेर जाणार नाही, आणि ती गेली की नाही हे नवं घटनात्मक न्यायालय तपासेल. एप्रिल १९९४ मध्ये निवडणूक झाली. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ६२ टक्क्यांवर मतं मिळाली, तरी ५ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात हक्काची जागा होती. आधीचे गोरे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क उपराष्ट्राध्यक्ष झाले. मग सभेने मे १९९६ मध्ये घटना मंजूर केली आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती परत पाठवली, म्हणाले काही कलमं मूलतत्त्वांत बसत नाहीत. मंडेलांच्या प्रचंड बहुमताची घटना मंडेलांच्याच काळातलं न्यायालय परत पाठवतं आणि सरकार निमूट दुरुस्ती करतं, यातून हरलेल्या गोऱ्या अल्पसंख्याकांना जे कळलं ते शंभर भाषणांनी कळलं नसतं. डिसेंबरमध्ये दुरुस्त घटनेवर शिक्का बसला.

तेव्हा क्रम असा: बोलण्यांतून किमान नियमांची अंतरिम घटना, मग निवडणूक, मग निवडलेल्या सभेची अंतिम घटना, आणि या साखळीवर नजर ठेवणारं न्यायालय.

नेपाळने जवळपास हाच क्रम धरला, तरी आठ वर्षं गेली. अंतरिम घटना जानेवारी २००७, संविधान सभेची निवडणूक एप्रिल २००८, आणि अंतिम घटना थेट सप्टेंबर २०१५. गाडं अडलं कुठे? ६०१ जणांची ती सभा घटनाही लिहीत होती आणि संसद म्हणूनही बसत होती. पंतप्रधान कोण, या भांडणात घटनेचे महिनेच्या महिने गेले. संघराज्याच्या सीमा जातीजमातींवरून आखायच्या की कशावरून, हा अवघड प्रश्न शेवटासाठी ठेवला आणि त्यावरच मे २०१२ मध्ये सभा विसर्जित झाली. दुसरी सभा निवडावी लागली. आपली संविधान सभाही संसद म्हणून बसायची, पण घटनेसाठी आणि कायद्यांसाठी तिच्या बैठका वेगळ्या, अध्यक्षही वेगळे, आणि मसुदा समितीचं काम बाबासाहेबांनी थांबू दिलं नाही.

इजिप्त उलट टोकाचं. मुबारक ११ फेब्रुवारी २०११ ला गेला आणि कारभार लष्करी परिषदेने घेतला. नियम ठरण्याआधी निवडणुकांची रांग लागली. संसद निवडून आली, तिचं खालचं सभागृह जून २०१२ मध्ये न्यायालयाच्या निकालावरून बरखास्त झालं. त्याच महिन्यात मोर्सी ५१.७ टक्क्यांनी राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारा फतवा काढला आणि डिसेंबरमध्ये घाईने घटना मंजूर करून घेतली. त्या सार्वमताला जेमतेम तिसरा हिस्सा मतदार आले. ४८ टक्के मतं ज्याला पडली त्या बाजूला पुढची निवडणूक होईल याचाच भरवसा उरला नाही. मग तीच माणसं जुलै २०१३ मध्ये रणगाड्यांचं स्वागत करायला चौकात गेली, आणि आगीतून फुफाट्यात पडली. लष्कराला सत्तेची हाव होतीच, पण तिला टाळ्या का मिळाल्या हे समजून घ्यायचं तर ते ४८ टक्के बघावे लागतात.

ट्युनिशियाची गोष्ट अभ्यासाला जास्त उपयोगी, कारण तिथे बहुतेक सगळं नीट झालं होतं. २०१३ मध्ये पेच पडला तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्क संघटना अशा चौघांनी मध्यस्थी केली, २०१४ मध्ये उत्तम घटना झाली, २०१५ चा शांततेचा नोबेल त्या चौघांना मिळाला. राहिलं एकच काम. घटनात्मक न्यायालयावर १२ न्यायाधीश बसवायचे होते: चार संसदेने दोन-तृतीयांश मतांनी निवडायचे, चार न्यायमंडळाने, चार राष्ट्राध्यक्षांनी. संसदेतल्या पक्षांचं नावांवर एकमत होईना. वर्षानुवर्षांत त्यांनी एकच न्यायाधीश निवडला. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सईद यांनी आणीबाणीचं कलम ८० पुढे करून संसद गोठवली, तेव्हा "हे घटनेत बसतं का" असं विचारायला देशात न्यायालयच नव्हतं. घटनेच्या कागदावर तो पंच होता, मैदानात आलाच नाही.

लष्कराचं बघू. सोलापूरकराला मार्शल लॉ म्हणजे काय ते फोड करून सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात तो इथे लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. परकी फौज निदान निघून जाते. देशाचीच फौज सत्तेत मुरलेली असते तेव्हा तिला बराकीत परत पाठवायचं काम सावकाश आणि क्रमाने करावं लागतं. इंडोनेशियात सुहार्तो मे १९९८ मध्ये गेल्यावर ते तसं झालं. पोलीस दल सैन्यापासून वेगळं काढलं, म्हणजे गल्लीतल्या बंदोबस्तासाठी जनरलची गरज संपली. संसदेतल्या लष्कराच्या ७५ जागा आधी ३८ केल्या आणि २००४ मध्ये शून्य. संरक्षण खातं बिगरलष्करी मंत्र्याकडे गेलं. लष्कराचे स्वतःचे धंदे सरकारकडे आणण्याचा कायदाही झाला, पण तिथे मात्र घोडं पेंड खाल्लं. पैशाची वाट बंद करणं जागा काढण्यापेक्षा कठीण असतं.

म्यानमारमध्ये याच्या बरोबर उलट. २००८ च्या घटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतील असं घालून ठेवलं. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवा, कुलूप आणि किल्ली एकाच खिशात आहेत हे दिसेल. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सेनापतीच्या पसंतीची. या सवलतींना तारीख नव्हती. नोव्हेंबर २०२० ची निवडणूक सू ची यांच्या पक्षाने दणक्यात जिंकली आणि १ फेब्रुवारी २०२१ ला बंड झालं. सवलत देणं चूक नाही. पोलंड, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया सगळ्यांनी दिली. पण बिनमुदत सवलत म्हणजे मालकी. चिलीत पिनोशे सार्वमत हरून १९९० मध्ये पायउतार झाला, तरी १९९८ पर्यंत सेनापती राहिला, आणि घटनेत त्याने मारून ठेवलेली नियुक्त सिनेटरांची पाचर काढायला २००५ उजाडलं.

आणि सवलत अजिबातच द्यायची नाही असं ठरवलं तर? इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने एका हुकमाने पूर्ण सैन्य बरखास्त केलं. लाखो शिकलेली, शस्त्र हाताळणारी माणसं एका दिवसात बिनपगारी झाली. पुढचं सांगायला नको.

जवळचं उदाहरण हवं असेल तर परदेशात जायची गरज नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींची फौज सोलापूरहून नळदुर्गाच्या रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणजे बाहेरच्या फौजेने पाडलेली राजवट, सर्वांत अवघड म्हटला तो प्रकार. पुढचा क्रम बघा: १९४९ च्या अखेरीपर्यंत लष्करी गव्हर्नर, मग सनदी अधिकारी वेल्लोडी मुख्यमंत्री, मग १९५२ ची निवडणूक आणि निवडून आलेले मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्ण राव. ज्याच्या विरुद्ध हे सगळं झालं तो निजाम १९५० पासून राजप्रमुख, म्हणजे राज्याचा नामधारी प्रमुख, होता आणि १९५६ मध्ये संस्थानाचंच विभाजन झाल्यावर ते पदही गेलं. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये संपले. सवलत होती, शेवटही होता. तेलंगणातल्या कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये थांबवला आणि काही महिन्यांत त्यांचे रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर गेले, नेहरूंहून जास्त मतं घेऊन. हा सगळा इतिहास गोडगोड मात्र नाही. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची चौकशी सुंदरलाल समितीने केली आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. उस्मानाबाद, लातूरकडच्या जुन्या घरांत ती आठवण आहे.

आता निरक्षरतेचा मुद्दा. "लोक अजून तयार नाहीत" हे वाक्य आजवर प्रत्येक सत्ताधाऱ्याने म्हटलेलं आहे, तेव्हा ते ऐकलं की आधी म्हणणाऱ्याची खुर्ची बघावी. १९५१ च्या जनगणनेत आपल्याकडे साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी वाचण्याची गरजच काढून टाकली: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. खरी अडचण भलतीकडेच आली. सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहवलं, आणि ती नावं यादीतून वगळावी लागली. पहिल्या निवडणुकीची खरी परीक्षा मतदार यादीत असते, हे यावरून ध्यानात घ्या. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती तिथे तर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच कारभार गावपंचायतींकडे सोपवला होता. तेव्हाच्या खेड्यात वाचणारी माणसं किती असतील याचा अंदाज करा. भूतानने वेगळी युक्ती केली: २००८ च्या पहिल्या निवडणुकीआधी, २००७ मध्ये, रंगांची नावं दिलेले चार काल्पनिक पक्ष उभे करून देशभर लुटुपुटूचं मतदान घेतलं. मतदारांपेक्षा कर्मचाऱ्यांचीच त्यात जास्त तालीम झाली असणार.

कर्मचाऱ्यांवरून एक सांगतो, कारण निवडणुकीच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त कंटाळा याच भागाचा येतो. आपल्याकडे मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यापुरतं लुटुपुटूचं मतदान, घेतात, मोजून दाखवतात, पुसतात, मग यंत्राला मोहोर लावतात. संध्याकाळी एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब १७ सी या नमुन्यावर भरून प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात प्रत द्यायची. केंद्राध्यक्ष दमलेला असतो, बस उभी असते, आणि हा कागद घाईत उरकला जातो. पण तो कागद जिंकणाऱ्याच्या काय कामाचा? तो हरणाऱ्यासाठी आहे. मोजणीच्या दिवशी आकडा ताडून बघता यावा आणि घरी जाऊन "यंत्रात घोळ केला" असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. नवख्या देशात पहिली निवडणूक बिघडते ती बहुतेकदा इथे: केंद्रनिहाय आकडा जाहीर होत नाही, पेट्या रात्रभर कुठेतरी पडून राहतात, निकाल चार दिवस लांबतो.

शेवटचं, कारण परीक्षेत हेही विचारतात: संक्रमण पुरं झालं असं कधी म्हणायचं? एक प्रचलित कसोटी आहे ती दोन सत्तापालटांची. पहिल्या निवडणुकीत जिंकलेला नंतर हरला आणि शांतपणे गेला, आणि त्याला हरवणाराही पुढे हरून तसाच गेला, की झालं. घाना २००० आणि २००८ मध्ये यातून पार पडला. आपल्याकडे केंद्रात हे १९७७ आणि १९८० मध्ये घडलं, तेही आणीबाणीनंतर. कसोटी वापरा, पण डोळे झाकून नको. पाकिस्तानात २०१३ मध्ये पहिल्यांदा एका निवडून आलेल्या सरकारने मुदत पुरी करून दुसऱ्याकडे सत्ता दिली, २०१८ मध्ये पुन्हा पक्ष बदलला. कागदावर दोन पालट झाले. संरक्षणाच्या खर्चाचा आणि परराष्ट्र धोरणाचा शेवटचा शब्द मात्र रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयाचाच राहिला, त्यामुळे उत्तर लिहिताना सत्तापालट मोजून झाले की लष्कराचा खर्च कुणापुढे मंजुरीला जातो आणि तो कापायची मुभा त्यांना आहे का, हेही त्याच परिच्छेदात लिहा.